जन्म कोणाचा, नोंद कोणाची?

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेचे कागद पाहावेत. त्यांवर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील क्रमांक हमखास आढळतो. वाङ्मय, विज्ञान किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या सात जणांनी आपली घटना दाखल करावी, फी भरावी, की संस्थेची मालमत्ता नियामक मंडळाच्या हाती राही आणि अध्यक्ष वा चिटणीस यांच्या नावे दावा लावता येई. सात सभ्य गृहस्थांसाठी ही सोय १८६० मध्येच झाली. कामगार संघटनांच्या नोंदणीचा कायदा व्हायला मात्र १९२६ साल उजाडावे लागले, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.

तथापि नोंदणी म्हणजे विद्यापीठ नव्हे. त्यासाठी स्वतंत्र कायदाच लागे, आणि तेथेच साम्राज्यशाही आपली किंमत वसूल करी. अलिगढचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये तेथे शाळा काढली आणि १८७७ मध्ये तिचे कॉलेज झाले. ही संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली होती. पुढे मुस्लिम विद्यापीठाची मागणी आली. सरकारने न मानलेल्या पदवीला सरकारदरबारी कवडीची किंमत नव्हती. म्हणून कायदा हवा, आणि कायदा हवा म्हणून सरकारच्या अटी मान्य करणे भाग. तीस लाख रुपयांचा कायम निधी उभा करावा लागला. (बनारस हिंदू विद्यापीठाच्या १९१५ च्या कायद्यात हीच रक्कम पन्नास लाख होती!) देशभरातील मुस्लिम महाविद्यालये संलग्न करून घेण्याची कल्पनाही सरकारने फेटाळली.

अखेर १९२० मध्ये कायदा झाला. त्याने कॉलेजची संस्था आणि विद्यापीठासाठी स्थापन झालेली असोसिएशन, दोन्ही विसर्जित केल्या आणि त्यांची सारी मालमत्ता नव्या विद्यापीठाकडे वर्ग केली. विद्यापीठाच्या सर्वोच्च सभेत केवळ मुस्लिम सभासद असत, हे खरे. परंतु त्यांच्याही वर लॉर्ड रेक्टर म्हणून साक्षात गव्हर्नर जनरल होता. या प्रयत्नामागील पुढारी बहुतांशी नवाब, जमीनदार आणि राजनिष्ठ मंडळी होती, हे दडवण्याचे कारण नाही. परंतु संस्था उभी केली ती त्या समाजाने, हेही तितकेच खरे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असहकाराची हाक घेऊन गांधीजी आणि अली बंधू अलिगढला आले. सरकारी अनुदानाला आणि मान्यतेला पाठ फिरवून काही विद्यार्थी व अध्यापक बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिलियाचा जन्म झाला. १९२५ मध्ये ती दिल्लीस गेली. परंतु जमीन आणि इमारत कोणाच्या तरी नावे असावीच लागते. १९३९ मध्ये जामियाचीही नोंदणी झाली, आणि तीही १८६० च्या त्याच कायद्याखाली!

खरा पेच स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. १९५१ आणि १९६५ च्या दुरुस्त्यांनी मात्र अलिगढच्या सभेची रचना आणि अधिकार बदलले. याविरुद्धच्या अझीझ बाशा खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विद्यापीठ केंद्रीय कायदेमंडळाच्या कायद्याने अस्तित्वात आले, सबब ते मुस्लिम समाजाने स्थापन केले असे म्हणता येत नाही. आणि जे स्थापन केले नाही, ते चालवण्याचा हक्क सांगता येणार नाही. जन्माची नोंद करणाऱ्या कारकुनालाच बाप ठरवावे, तसा हा न्याय! ज्या शिक्क्याशिवाय परकीय सत्ता पदवी मानत नव्हती, तोच शिक्का स्वतंत्र भारतात समाजाविरुद्ध पुरावा ठरला.

१९८१ मध्ये संसदेने हे विद्यापीठ भारतीय मुस्लिमांनी स्थापन केले, अशी व्याख्या कायद्यात घातली. २००६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने १९६७ चा निर्णय उलटवला. कायद्याने विद्यापीठाचे रूप मिळाले एवढ्यावरून स्थापना कोणाची हे ठरत नाही. कल्पना कोणाची, खटपट कोणाची, पैसा कोणाचा हे पाहावे लागते, असे बहुमताने म्हटले. अलिगढ स्वतः अल्पसंख्याक संस्था आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्या दिवशीही सुटला नाही. तो दुसऱ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.