धानाच्या मुलखातली तलावविद्या

स्थापत्यशास्त्र म्हटलं की मोठी धरणं आणि पूल डोळ्यांपुढे येतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीत ही विद्या शेकडो वर्षांपासून नांदते आहे.

चंद्रपूरचा गोंडकालीन दगडी परकोट आपण रोज पाहतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. त्याहूनही मोलाचे आहेत ते आपले तलाव. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचं धोरण गोंड राजांनी ठेवलं आणि तलावांचं आणि बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं, जाळं उभं राहिलं. त्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा.

बांधणी अगदी शास्त्रशुद्ध. उताराला आडवी मातीची पाळ घालायची. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, म्हणून ती पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी निमुळती. जादा पाण्यासाठी बाजूला सांडवा, म्हणजे पाणी पाळीवरून वाहून ती फुटत नाही. मग पाटाने पाणी थेट धानाच्या बांध्यांत.

इंग्रजी अमदानीत आसोलामेंढासारखा मोठा तलाव झाला. आज गोसेखुर्द धरणाचा उजवा कालवा त्यालाच येऊन मिळतो. नव्या धरणाला जुन्या तलावाचा आधार लागला!

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपली आणि त्यांच्याकडचे गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. तेच आपले माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. देखभाल मागे पडली, तिथे गाळाने साठवण घटली.

श्रोतेहो, येत्या ग्रामसभेत आपल्या तलावाचा गाळ, पाळ आणि सांडवा हा विषय आवर्जून मांडा. पावसाळ्याआधी ही कामं झाली, तर पाणी आपल्याच शिवारात राहील.