खात्यात पैसे आहेत, मग फेलोशिप का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोलता बोलता झालेली गडबड थोडी साफ केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती आपली नेहमीची श्रोती, एका विद्यापीठात प्रोजेक्टवर जेआरएफ आहे. म्हणाली, "दादा, चार महिने झाले, फेलोशिप नाही. सरांना विचारलं तर म्हणतात यूसी गेली नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणतात हेडमध्ये बॅलन्स नाही. घरी काय सांगू?"

मेसेज ऐकला आणि मला माझं जुनं दिवस आठवले. बी.टेक. झाल्यावर आयटीत जायच्या आधी मीही एका विद्यापीठात प्रोजेक्टवर होतो. मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं काम होतं. पाच महिने एक रुपया मिळाला नाही. रूमचं भाडं रूममेट भरत होता. आणि त्या काळात मी सरांना असं काही बोललो, जे आजही टोचतं. ते शेवटी सांगतो. आधी शब्द समजून घेऊ. पैसा ज्या वाटेने येतो त्याच क्रमाने जाऊ.

पीआय आणि सँक्शन ऑर्डर

पीआय म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, प्रमुख संशोधक. म्हणजे तुमचे सर किंवा मॅडम. प्रपोजल त्यांच्या नावावर मंजूर होतं, पण पैसा त्यांच्या हातात येत नाही. तो संस्थेकडे येतो आणि खर्च संस्थेच्या नियमांनी होतो. सहीसाठी फाईल घेऊन तेही आपल्यासारखेच टेबलाटेबलावर फिरतात.

मंजुरीचं पत्र म्हणजे सँक्शन ऑर्डर. प्रोजेक्ट किती वर्षांचा, एकूण रक्कम किती, कशासाठी किती, अटी काय, सगळं त्यात असतं. तुमचा फेलोशिपचा आकडाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या आदेशानुसार जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये आहेत, १ जानेवारी २०२३ पासून. घरभाडे भत्ता वेगळा. त्याआधी हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. त्यामुळे आपल्या ऑर्डरमध्ये कोणता आकडा आहे ते आधी बघा.

आणखी एक शब्द शोधा: को-टर्मिनस. म्हणजे प्रोजेक्ट संपला की तुमची नेमणूकही संपली. रुजू होतानाच्या पत्रात हा शब्द बहुतेक असतोच. आपण आनंदात सही करतो, वाचत नाही.

हेड

आता खरा गुंता. मंजूर रक्कम म्हणजे एक मोठी पिशवी नव्हे. स्वयंपाकघरात धान्याचे डबे असतात ना, तसे त्याचे डबे केलेले असतात. प्रत्येक डबा म्हणजे एक हेड. उपकरणं हे नॉन-रिकरिंग, एकदाच होणारा खर्च. मॅनपॉवर म्हणजे आपण, रसायनं-सुटे भाग म्हणजे कन्झ्युमेबल्स, प्रवास, आणि किरकोळीसाठी कंटिन्जन्सी. हे सगळं रिकरिंग, म्हणजे वर्षानुवर्षं चालणारा खर्च.

एका डब्यातलं दुसऱ्यात टाकायचं असेल तर त्याला री-अप्रोप्रिएशन म्हणतात. उपकरणांचा पैसा पगाराकडे वळवायचा तर पैसे देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. सरांनी मनात आणलं म्हणून ते होत नाही.

म्हणून "खात्यात अकरा लाख आहेत" आणि "तुला द्यायला पैसे नाहीत" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

रिलीज आणि यूसी

मंजूर झालं म्हणजे आलं असं नाही. पैसा हप्त्याने येतो आणि प्रत्येक हप्त्याची रिलीज ऑर्डर वेगळी निघते. पुढचा हप्ता हवा असेल तर मागच्याचा हिशोब द्यायचा. तोच यूसी, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये त्याचा नमुना ठरलेला आहे, जीएफआर १२-ए. सोबत एसई जोडतात, स्टेटमेंट ऑफ एक्स्पेंडिचर, म्हणजे कुठल्या हेडमध्ये किती आले, किती गेले, किती उरले. त्यावर पीआयची, वित्त विभागाची आणि संस्थाप्रमुखाची सही लागते.

न वापरलेली रक्कम म्हणजे अनस्पेंट बॅलन्स. ती मोठी दिसली की वरून साहजिक प्रश्न येतो: आधीचेच पडून आहेत, नवीन कशाला? आणि खात्यात पडून राहिलेल्या ग्रँटवरचं व्याजसुद्धा संस्थेचं नसतं, ते सरकारजमा करावं लागतं.

अलीकडे केंद्राच्या बऱ्याच योजनांत झिरो बॅलन्स खातं असतं. पैसा आधीच येऊन पडत नाही. खर्चाची मर्यादा ठरवून देतात आणि बिल लागलं की पीएफएमएस या सरकारी प्रणालीतून तेवढाच उचलला जातो. पण हेडचं गणित तिथेही सुटत नाही.

नो-कॉस्ट एक्स्टेन्शन आणि ओव्हरहेड

सर म्हणाले "सहा महिने एक्स्टेन्शन मिळालं", तर लगेच पेढे वाटू नका. नो-कॉस्ट एक्स्टेन्शन म्हणजे मुदत वाढली, पैसा नाही. मॅनपॉवरच्या डब्यात शिल्लक असेल तरच तुमचे ते सहा महिने पगारी.

ओव्हरहेड म्हणजे वीज, जागा, लेखा विभाग यासाठी संस्थेला मिळणारा वाटा. तो सरांच्या खिशात जात नाही. अमेरिकेत हाच शब्द २०२५ मध्ये बातम्यांत गाजला. तिथल्या एनआयएच या संस्थेने फेब्रुवारीत हा दर सरसकट १५ टक्के करायचं जाहीर केलं, काही बड्या विद्यापीठांचा तो ६० टक्क्यांच्या वर होता. प्रकरण कोर्टात गेलं, स्थगिती आली. तिकडे पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलांची झोप उडाली ती या एका शब्दामुळे.

आता माझी गोष्ट

आमच्या प्रोजेक्टमध्ये एक महागडं उपकरण घ्यायचं होतं. मार्च एंडच्या आत टेंडर पूर्ण झालं नाही. उपकरणाच्या हेडमध्ये अकरा लाख तसेच राहिले आणि मॅनपॉवरचा डबा रिकामा झाला. यूसीची फाईल वित्त विभागात दोन महिने अडकली, कारण एका बिलावर स्टॉक रजिस्टरचा नंबर नव्हता. फक्त एक नंबर! आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. हिशोबाशिवाय पैसा नाही आणि एका आकड्याशिवाय हिशोब नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, "खात्यात अकरा लाख आहेत." मी तडक लॅबमध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, पैसे खात्यात आहेत, तुम्हीच देत नाही आहात." सर काही बोलले नाहीत. महिन्याभरात मी आयटीतली नोकरी धरली आणि निघालो.

नंतर एक दिवस पाच महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले. सोबत मेलमध्ये सरांनी सगळी कागदपत्रं पाठवली होती. यूसीच्या पाठपुराव्याची त्यांची नऊ पत्रं होती त्यात. मी फोन केला, माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, मीही तुला बसवून समजावून सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू काम कर, कागदांचं मी बघतो."

मला वाटतं, चूक इथेच होते. ज्याचा पगार अडकलाय त्यालाच वाटेतले थांबे माहीत नसतात.

म्हणून त्या मैत्रिणीला आणि तुम्हालाही सांगतो, "पैसे कधी येणार?" असं विचारू नका. त्याला "येतील" एवढंच उत्तर मिळतं. चार गोष्टी विचारा. सँक्शन ऑर्डरची कॉपी मिळेल का? मॅनपॉवर हेडमध्ये आज किती शिल्लक आहे? मागची यूसी आणि एसई कुठल्या तारखेला गेली, की अजून इथेच आहे? पुढची रिलीज ऑर्डर निघाली का? फाईल नेमकी कुठल्या टेबलावर आहे ते यातून कळतं. विचारताना सरांच्या बाजूला उभं राहून विचारा, समोर उभं राहून नाही. आणि खरंच कोणी दाद देत नसेल, तर माहिती अधिकार आहेच, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

आणि घरी काय सांगायचं? खरं सांग. "पैसे बुडाले नाहीत, यूसीत अडकलेत." आईला यूसी नाही कळणार, पण तुला कळलंय हे तिला नक्की कळेल.

तुमची फाईल कुठे अडकली होती, मेसेज करून सांगा. नावं घेणार नाही, वचन. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या!