कूलर, खारे पाणी आणि तिसरी पिन

भगिनींनो, मार्च संपत आला की आमच्याकडे माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. नांदेडला काय आणि लातूरला काय, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि दिवस मावळल्यावरही घराच्या भिंतींना हात लावून पाहवत नाही. अशा दिवसांत कूलर ही काही चैनीची वस्तू राहिलेली नाही. आज मला घरातल्या विजेच्या उपकरणांविषयी बोलायचे आहे. पण सगळ्या उपकरणांची यादी काही मी वाचून दाखवणार नाही. आपल्या मुलखात ज्यांच्याशी अधिक गाठ पडते, तेवढ्यांविषयीच बोलेन. आणि हे बंधूंनीही वाचावे, कारण कूलरला पिन जोडण्याचे काम बहुतेक घरांत त्यांच्याकडे असते आणि चूकही नेमकी तिथेच होते.

माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगते. २००७ सालचा मे महिना. आम्ही तेव्हा नांदेडला होतो. दुपारची वीज गेलेली, ती चारच्या सुमारास आली. माझ्या नणंदबाई माहेरपणाला आलेल्या. त्या उठल्या, कूलर लावला, आणि टाकीत पाणी कमी आहे असे पाहून चालू कूलरमध्येच नळी सोडली. फरशीवर पाणी सांडलेले, पाय अनवाणी. एक हात कूलरच्या पत्र्याला लागला मात्र, त्या किंचाळून मागे फेकल्या गेल्या. मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. हात पत्र्याला चिकटून बसला असता तर आज मी हे तुम्हाला सांगत बसले नसते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने पंपाची वायर दाखवली. वरचे आवरण उंदराने कुरतडलेले. मग भिंतीतली पिन काढून हातात धरली आणि म्हणाला, "वहिनी, ही तिसरी पिन कुठं गेली?" ती आम्हीच काढून टाकली होती! खोलीतला सॉकेट दोन भोकांचा होता, त्यात तीन पिनांची बसेना, म्हणून. "चालतंय की, कूलर फिरतोय की," असे आम्हीच म्हटले होते. दोष कोणाला द्यायचा?

ही तिसरी पिन समजून घेणे फार जरुरीचे आहे. पहा, तीन पिनांमधली वरची पिन जाडही असते आणि लांबही असते. लांब अशासाठी की ती सॉकेटमध्ये सगळ्यांत आधी शिरावी आणि सगळ्यांत शेवटी बाहेर यावी. तिची हिरवी तार कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते आणि दुसरे टोक घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पट्टीला किंवा नळाला. आत एखादी तार उघडी पडून पत्र्याला टेकली तर पत्र्यात २३० व्होल्टची वीज उतरते. तिला जमिनीकडे जायला ही हिरवी वाट असेल तर ती त्या वाटेने जाते, फ्यूज उडतो, कूलर बंद पडतो. ती वाट नसेल तर ती तुमच्या ओल्या अंगातून जाते. एरवी ही वाट असो वा नसो, कूलर सारखाच थंड वारा देत असतो, आणि फसगत होते ती इथेच.

आता आपल्याकडची खास अडचण. आपली जमीन काळी. पावसाळ्यात पाय रुतेल अशी, आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरतात, तो ओलावा धरून राहावा म्हणून. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो, नेमके त्याच महिन्यांत अर्थिंग लंगडे पडते. उपाय अगदी साधा आहे: उन्हाळाभर आठ-दहा दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. पण खड्डा कुठे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आज संध्याकाळी घरच्यांना विचारून पहा, गंमत कळेल.

दुसरा पहारेकरी म्हणजे आरसीसीबी. मीटरजवळच्या पेटीत जे एमसीबी असतात ते जास्त भार पडला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर पडतात. माणसाच्या अंगातून वीज गेली तर ते पडतीलच असे नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिॲम्पियर वीज वाट चुकली तरी क्षणार्धात खाली पडतो. साध्या ६० वॅटच्या दिव्यातून याच्या आठपटीहून जास्त वीज जाते, यावरून कल्पना करा. त्यावर 'टेस्ट' असे लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलून घ्यावा. दोन साड्यांच्या किमतीपेक्षा त्याला काही जास्त पडत नाही.

आणि देव न करो, पण कोणाला शॉक लागलाच तर धावत जाऊन त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज तारांत खेळत असते, हे घाईत कोणाच्या लक्षात राहत नाही. बटण सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने माणसाला बाजूला ढकला आणि १०८ नंबरला फोन करा. कूलरमध्ये पाणी भरायचे ते पिन काढूनच. नुसते बटण बंद करून भागत नाही.

आता पाण्याकडे वळू. आपल्या बोअरचे पाणी जड. त्यातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापले की, किंवा उडून गेले की, मागे राहतात. कूलरच्या जाळीवर जी पांढरी खपली धरते ती हीच. गवताच्या ताट्या असतील तर दर उन्हाळ्याला बदलाव्यात. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या असतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवाव्यात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासावी. नुसते वरून पाणी घालत राहिले तर क्षार साठत जातात, शिवाय डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. खिडकी थोडी उघडी हवी, हे तर तुम्ही जाणताच.

गीझरचीही हीच कथा. आत थर जमला की पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढते. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडते. पाणी जितके कडक तापवाल तितका थर लवकर धरतो, म्हणून काटा पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवावा आणि वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावा. माझ्या आत्याबाई तांब्याचा बंब चिंचेने घासायच्या, तेव्हा मला वाटे, नुसती चकाकी यावी म्हणून. चिंच आंबट, थर चुन्याचा. आंबटाने चुना विरघळतो. त्यांना शास्त्राचे नाव ठाऊक नसेल, काम मात्र पक्के ठाऊक होते.

पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्राविषयी मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे. लातूरकरांना २०१६ सालचा एप्रिल विसरता येणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. एकेका घागरीसाठी आपण रात्री जागवल्या. त्याच गावात आज घरोघरी आरओ यंत्रे आहेत, आणि साध्या यंत्रातून एक लिटर पिण्याचे पाणी निघताना साधारण तीन लिटर पाणी बारीक नळीवाटे मोरीत जाते! ती नळी आधी बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला, संडासात ओतायला चालते. तुळशीला घालू नका, कूलरमध्ये तर मुळीच नको. त्यात क्षार जास्त असतात. पण अर्थिंगच्या खड्ड्याला ते उत्तम! खारे पाणी तिथे उलट उपयोगीच पडते. शिवाय आरओ हवाच का, हेही तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. तुमच्या नळाचे पाणी त्याच्या आत असेल तर जंतू मारणारे साधे यंत्र पुरते, आणि ते पाणी वाया घालवत नाही.

फ्रिजविषयी एवढेच: वीज गेली की त्याचे बटण बंद करावे आणि वीज परत आल्यावर पाच मिनिटे थांबून मगच लावावे. वीज येते तेव्हा पहिल्या झटक्याला व्होल्टेज वर-खाली होते, आणि आतल्या यंत्रावर दाब असताना ते सुरू करायला गेलात तर ते घुरघुरते आणि जळते. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करताना भांडे अर्धेच भरा, थांबत थांबत फिरवा. मिक्सर अचानक बंद पडला तर लगेच दुकानात धावू नका. तो उलटा करून खालचे लाल बटण दाबून पहा. पण आधी पिन काढा, आणि त्याला दहा मिनिटे निवू द्या.

जून लागला, पहिला पाऊस पडला की हवेत दमटपणा येतो आणि कूलरचा थंडावा जातो. तेव्हा तो तसाच खिडकीत ठेवून देऊ नये. टाकी पुसून कोरडी करावी, उन्हात एक दिवस ठेवावा, पंप काढून कागदात गुंडाळावा, वायर उंदरांच्या हाती लागणार नाही अशी वर बांधावी आणि जुन्या लुगड्याने झाकून माळ्यावर ठेवावा. आमच्याकडे आता पिनेलाही वेगळी चिंधी बांधतात. तीन पिना मोजून, मगच.