पालखीचा तळ आणि लष्कराचे मुख्यालय
(लोणंद येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि आपल्या लोणंदला मुक्काम करते. त्या दिवशी गावात लाखो माणसे असतात. कोणत्या दिंडीने कोठे उतरावे, पाण्याचे टँकर कोठे उभे करावेत, कोणती वाट मोकळी ठेवावी, हे सारे आधीच ठरलेले असते. सायंकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या गावाने हा तळ वर्षानुवर्षे सांभाळला आहे, त्याला लष्करी मुख्यालय म्हणजे काय हे सांगणे मला मुळीच अवघड वाटत नाही.

आज मी आपल्याशी पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाविषयी बोलणार आहे. लोणंदहून रेल्वेने पुण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने ‘लष्कर’ अथवा ‘कॅम्प’ हा भाग पाहिलेला आहे. रुंद रस्ते, जुने वृक्ष आणि फाटकावर उभा असलेला पहारेकरी एवढेच त्याचे दर्शन आपल्याला घडते. आत कोणते काम चालते आणि त्याचा आपल्या गावाशी काय संबंध, याचा विचार सहसा होत नाही.

या छावणीचा उगम आपल्या पराभवात आहे, हे प्रथम मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवण्यासाठी शहराच्या पूर्वेस छावणी वसविण्यात आली. त्या काळी बंगाल, मद्रास व मुंबई या इलाख्यांची सैन्ये स्वतंत्र होती. १८९५ साली ही व्यवस्था मोडून एकच हिंदी सैन्य निर्माण झाले आणि त्याचे चार विभाग करण्यात आले. दक्षिण मुख्यालय आपला स्थापना दिन म्हणून १ एप्रिल १८९५ हाच दिवस मानते.

जे साधन परकी सत्तेने प्रजेला धाकात ठेवण्यासाठी उभारले, तेच स्वातंत्र्यानंतर देश सांधण्याच्या कामी आले. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या कारवाईची सूत्रे याच मुख्यालयाकडे होती. त्या वेळी जनरल राजेंद्रसिंहजी त्याचे प्रमुख होते. १३ सप्टेंबरला मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने शिरली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी बेळगावच्या परिसरात सैन्य एकवटले, तेव्हा जनरल जयंतनाथ चौधरी दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख होते. १९ डिसेंबरला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली.

१९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटातील आघाडीही याच मुख्यालयाच्या अखत्यारीत होती. ४ डिसेंबरच्या रात्री लोंगेवालाच्या ठाण्यावर शत्रूचे रणगाडे चालून आले. तेथे आपली केवळ एक कंपनी होती. तिने रात्रभर ठाणे सोडले नाही. उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा मोड केला. जवानांचे शौर्य तर निर्विवादच आहे. परंतु ठाण्यातून निघालेला संदेश योग्य ठिकाणी पोहोचला आणि पहाट होताच विमाने हजर झाली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कोणाकडे काय आहे, कोणाला काय हवे आहे आणि ते कोणत्या वाटेने पोहोचवायचे, याचा अखंड हिशेब ठेवणे हेच मुख्यालयाचे खरे काम होय.

युद्धाप्रमाणे आपत्तीच्या वेळीही हाच हिशेब उपयोगी पडतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. तत्पूर्वी ते वाचविण्यासाठी जवान वाळूची पोती रचत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्यांखालून माणसे काढण्यास जवान धावून गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली व कोल्हापूर वेढले, त्या वेळी लष्कराच्या नावांनी हजारोंना सुखरूप बाहेर काढले.

त्याच महापुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती नाव गावचीच होती. भरलेल्या नावेत आणखी माणसे बसली होती. कोणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. मदत येईपर्यंतचे पहिले काही तास प्रत्येक गावाला स्वतःच्याच बळावर काढावे लागतात आणि माणसे वाचतात की नाही हे बहुधा त्याच तासांत ठरते, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मुलकी प्रशासनाने मागणी केल्यानंतरच लष्कर मदतीला येते. आपण होऊन ते कारभार हाती घेत नाही. लोकशाही राज्यात हेच योग्य आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. म्हणजे पुण्याच्या मुख्यालयाकडे जाणारी आपली वाट ग्रामपंचायत, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशी आहे. या वाटेची पहिली पायरी आपण आहोत. तीच कच्ची असेल तर पुढची यंत्रणा कितीही सज्ज असली तरी तिला वेळेवर खबर मिळणार नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. वीर धरणातून पाणी सोडले की नीरेच्या काठावरील कोणती घरे प्रथम धोक्यात येतात, त्यांची यादी पावसाळ्यापूर्वी तयार करावी. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले कोणत्या घरांत आहेत, हे तीत नोंदवावे. ट्रॅक्टर, दोर व नावा कोणाकडे आहेत, पट्टीचे पोहणारे कोण आहेत, कोणती शाळा उंचावर आहे, आणि नावेत किती माणसे बसवावयाची हे कोण ठरविणार, हेही लिहून ठेवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. वरच्या वर्गातील मुले हे काम हौसेने करतील.

या कामी आपल्या जिल्ह्याजवळ एक मोठे धन आहे. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे; पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांची स्मृती ते गाव जपते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. आपल्या गावोगावी निवृत्त सैनिक आहेत. ध्वजवंदनाच्या दिवशी त्यांना खुर्ची देऊन आपण थांबतो. त्याऐवजी गावाच्या आपत्ती समितीत त्यांना मानाने बोलवावे आणि छावणीत ते जी शिस्त शिकले, ती गावाला शिकविण्याची त्यांना विनंती करावी.

पालखी तळासाठी लोणंद जी तयारी करते, ती वर्षभर आपल्याच माणसांसाठी ठेवता येईल, असा मला विश्वास वाटतो.