रूळ तुटला तर धावणार कोण?
(माजिवडा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माजिवड्यातून बस नाहीतर रिक्षा धरून ठाणे स्टेशन गाठायचं, अन् तिथं लोकल लेट. शिव्या कुणाला? मोटरमनला. २ जानेवारी २०१५ ला ठाकुर्लीजवळ पेंटोग्राफ बिघडला, गाड्या खोळंबल्या, अन् दिव्यात मार खाल्ला मोटरमननं. बिघाड त्यानं केला होता का?

आता काही शहाणे सांगतात, रेल्वे खासगी करा, गाड्या वेळेवर येतील. अरे, ही रेल्वे जन्मलीच खासगी! १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली ती जी. आय. पी. कंपनीची. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. म्हणजे फायदा लंडनला, तोटा रयतेच्या बोकांडी. १९२५ ला सरकारनं ती ताब्यात घेतली.

इंग्लंडनं १९९० नंतर पुन्हा तोच खेळ मांडला. रूळ एका कंपनीचे, गाड्या दुसऱ्यांच्या, दुरुस्ती तिसऱ्या ठेकेदाराची. उशीर झाला की मिनिटं मोजायची अन् दंड कुणाच्या नावावर यावर भांडायचं. हॅटफील्डचा रूळ चिरलाय हे ठाऊक होतं, बदलायचा राहून गेला. १७ ऑक्टोबर २००० ला तो फुटला, चार माणसं मेली. देशभर गाड्या महिनोन्‌महिने रखडल्या. रुळांची कंपनी वर्षभरात दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडं ‘खासगी’ म्हणून तेजस आणली. तासभर उशीर झाला तर शंभर रुपये, दोन तास झाला तर अडीचशे. लोकलवाल्याला छदामही नाही. पुढं २०२४ ला तेजसची भरपाईही बंद.

भर पावसात रुळावर धावतो तो गँगमन. १९३८ ला मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं हेच मांडलं. आपला माणूस गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात राबवायचं असतं. तेव्हा जी. आय. पी. सरकारचीच होती! सरकारी मालकीनं जात मरत नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही अन् भांडवलशाही, दोन्ही शत्रू म्हणून सांगितले. तरी सरकारी नोकरीत राखीव जागेसाठी कलम १६(४) दाखवता येतं. ठेकेदाराला काय दाखवणार?

तेव्हा लोकल थांबली की दगड खाली ठेवा. ठाणे ते कल्याण रुळावर माणसं किती, कायम किती, ठेक्यावर किती, रिकाम्या राखीव जागा किती, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तर घेऊन पुढच्या बैठकीला या.

जय भीम!