पालक-शिक्षक संघाने वर्षाचा संकल्प कसा करावा
(जळकोट येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



शाळेचे नवे वर्ष नुकतेच सुरू झाले आहे. पेरणीची कामे टाकून तुम्ही येथे आला आहात, तेव्हा आम्ही पाल्हाळ लावणार नाही. आपल्या संघाने येत्या वर्षात काय साधावयाचे, एवढेच आज ठरवावयाचे आहे.

हा संघ कोणाच्या मेहेरबानीने चालत नाही. महाराष्ट्राच्या सन २०११ च्या शुल्क-नियमन कायद्यान्वये खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांचे आत तो स्थापावा लागतो. प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक त्याचा सभासद होय, आणि कार्यकारी समितीतील पालक सोडत काढून घ्यावयाचे असतात. ही सोडतीची तरतूद आम्हांस फार आवडते. चिठ्ठीला सावकार कळत नाही व सालगडीही कळत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची नेमणूक प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. पवित्र सभेचा आदेश तर याहून पुढे जातो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ७९६ वे कलम शिक्षकांस सांगते की, त्यांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकावे, आणि पालकांचे संघ वा सभा स्थापून त्यांचा मान राखावा. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यातही आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत असे म्हटले आहे. तेव्हा तुम्ही येथे पाहुणे म्हणून बसलेले नाही.

आता संकल्पाकडे वळू. संघांचे संकल्प पुष्कळदा एकाच साच्याचे असतात: स्नेहसंमेलन थाटाने करावे, फाटक रंगवावे, एखादी नवी घंटा आणावी. ही कामे वाईट नव्हेत. परंतु ती झाली काय अन् राहिली काय, एखाद्या मुलाचे आयुष्य त्यामुळे बदलेल असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्या प्रकारचे संकल्प मोठे गोड असतात: “गुणवत्ता वाढवावी”, “संस्कार रुजवावेत”. एप्रिल महिन्यात यांचा हिशोब कोणत्या वहीत पाहावयाचा? ज्या संकल्पाबद्दल वर्षाअखेर “झाला” किंवा “नाही झाला” असे स्वच्छ सांगता येते, आणि ज्याच्यापुढे करणाराचे नाव लिहिलेले असते, त्यालाच संकल्प म्हणावे.

आमचे मते या भागात पहिला संकल्प उसाच्या फडाचा असला पाहिजे. आपला तालुका डोंगराळ व बहुतांशी कोरडवाहू. खरिपाचे सोयाबीन निघाले की पुष्कळ घरांत काम उरत नाही. मुकादमाने उचल आधीच दिलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मोजणी होते. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडी-तांड्यांतून टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. मूलही बरोबर जाते. हजेरीपटावर नाव राहते, बाकावरची जागा रिकामी होते. दहा-बारा वर्षांची मुलगी तिकडे कोपीत धाकट्या भावाला सांभाळीत बसते, आणि परत येते तेव्हा दुसरे सत्र संपलेले असते. पुढल्या वर्षी तिला शाळेची लाज वाटू लागते, आणि मग तिच्या लग्नाचे बोलणे निघते.

यात आईबापांस दोष देणे फार सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. ज्याने आजारपणासाठी उचल घेतली त्याला जावेच लागते. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात ज्युबिलीचे वर्ष सांगितले आहे. त्या वर्षी कर्जापायी बांधला गेलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुटुंबात परत जात असे. आम्ही धर्मग्रामाची ज्युबिली दिवे लावून साजरी करीत आहो, म्हणून ही गोष्ट येथे सांगावीशी वाटली. उचल फेडणे संघाच्या हाती नाही. परंतु मुलाला गावी ठेवणे पुष्कळदा हाती असते. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना याच मुलांसाठी आहे; तिची मागणी वेळेवर गेली पाहिजे. कोठे आजी घरी असते, तिला फक्त दाणागोटा व शेजाऱ्याची सोबत हवी असते. कोठे मूल नेल्याशिवाय गत्यंतरच नसते. तेथे मुख्याध्यापकांनी फडाजवळच्या शाळेसाठी पत्र लिहून द्यावे व ते आईच्या हाती ठेवावे. म्हणून संकल्प असा लिहावा: दसऱ्यापूर्वी जाणाऱ्या घरांतील प्रत्येक मुलाचे नाव वहीत यावे, आणि त्या नावापुढे त्याची जबाबदारी घेणाऱ्या एका सभासदाचे नाव यावे.

दुसरा संकल्प वाचनाचा. तिसरी इयत्ता संपेतो मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट सन २०२१ मध्ये निपुण भारत योजनेने देशापुढे ठेवले. येथे काही माता म्हणतील, “फादर, आम्हांलाच वाचता येत नाही.” याची आम्हांस जाणीव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे विद्येची व दरबाराची भाषा उर्दू, आणि मराठी घरांतील कितीतरी पिढ्या अक्षरावाचून गेल्या. परंतु मुलाला रोज रात्री पाव तास मोठ्याने वाचावयास लावा व जवळ बसून ऐका. वाचणारा अडखळतो की नाही, हे ओळखावयास अक्षरओळख लागत नाही.

सभेच्या वेळेविषयी थोडेसे. ती बाजाराच्या दिवशी नको, आणि भर दुपारी तर नकोच. दिवेलागणीनंतर ठेवावी, म्हणजे बापही येतील. आज बायाच अधिक दिसत आहेत.

संकल्प एकदा लिहिला म्हणजे तो दगडावर कोरला असेही समजू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तुम्ही विसरला नसाल. तशा वर्षी वाचनाआधी पिण्याच्या पाण्याचा विचार करावा लागेल. म्हणून जानेवारीत पुन्हा बसावे व वही पाहावी.

आता गुरुजींनी वही उघडावी. पहिलीच्या वर्गापासून आरंभ करू. दिवाळीत ज्यांचे घर फडावर जाणार आहे त्यांनी मुलाचे नाव सांगावे, आणि त्याची जबाबदारी जो घेईल त्याने तेथेच हात वर करावा.