पडदा काळा झाला म्हणजे कार्ड जळाले असे नव्हे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. शैक्षणिक संस्थेच्या व्यासपीठावर संगणकाच्या दुरुस्तीचे काय काम, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण संगणक ही आता आपल्याकडे नवलाईची वस्तू राहिलेली नाही. आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली, आणि तेव्हापासून शिष्यवृत्तीचा अर्ज असो, प्रवेशाचा असो की दाखल्याचा, सारे पडद्यासमोर बसूनच होते. आज डिप्लोमाला गेलेल्या मुलाला घराचे नकाशे काढायचे असतात, कुणी लग्नाच्या चित्रफिती जोडून घराला हातभार लावतो. या कामांना ग्राफिक्स कार्ड लागते. वडिलांनी कापसाच्या किंवा मिरचीच्या पैशातून दहा-पंधरा हजार बाजूला काढून ते घेतलेले असते. एके दिवशी यंत्र नवा ड्रायव्हर उतरवून घेते, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि पडदा काळा पडतो. दुकानात नेले की उत्तर मिळते, ‘कार्ड गेले, नवे घ्या.’ नाहीतर, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ पहिल्या उत्तराने पैसा जातो आणि दुसऱ्याने मुलाचे वर्षभराचे काम. दोन्हींपैकी कशाचीच गरज नसण्याचा संभव बराच असतो, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्या म्हसावदच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेला पावरा बांधव पावरी बोलतो, कुणी अहिराणी बोलतो, कुणी गुजरी, आपल्या घरांत उर्दू. दोघांना एकमेकांची बोली येत नसेल तर मध्ये दुभाषा लागतो. संगणकात विंडोज ही एक बोली बोलते आणि कार्ड दुसरी. ड्रायव्हर हा त्यांच्यामधला दुभाषा. तो चुकीचे सांगू लागला तर सौदा मोडतो. पण म्हणून विकणारा किंवा घेणारा आजारी पडला असे कुणी म्हणत नाही. ‘दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला’ ही म्हण संगणकाच्या दुरुस्तीत रोज खरी होते.

मग दुखणे कुणाचे ते ओळखावे कसे? यंत्राचे बटण दाबा आणि डोळ्यांत तेल घालून पहिले दहा-पंधरा सेकंद पाहा. कंपनीचे नाव किंवा चिन्ह पडद्यावर दिसते का? त्या क्षणी विंडोज अजून जागी झालेली नसते. तिचा ड्रायव्हरही कामाला लागलेला नसतो. ते चित्र कार्ड स्वतःच्या पोटातल्या छोट्याशा कार्यक्रमावर उमटवते. म्हणून चिन्ह दिसले, गोल फिरणारे ठिपके दिसले आणि त्यानंतर अंधार झाला, तर कार्ड बहुधा जिवंत आहे आणि संशय ड्रायव्हरवर घ्यावा. उलट, बटण दाबल्यापासूनच काही दिसत नसेल तर ड्रायव्हरला बोल लावू नका. केबल पाहा. मॉनिटरची केबल कार्डाला न लावता चुकून मुख्य पाटीच्या छिद्राला लावली, एवढ्याच कारणावरून लोक यंत्र उचलून शहाद्याला नेतात! केबल नीट असेल तर मेमरी, वीजपुरवठ्याची पेटी आणि मग कार्ड, या क्रमाने तपासावे.

‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सुरुवातीचे साधे चित्र काढण्याइतपत ताकद आजारी कार्डातही कधी कधी उरते. त्या पहिल्याच चित्रात रंगीत चौकटी किंवा तुटक रेषा दिसत असतील, तर दोष कार्डातच असण्याचा संभव मोठा.

आता उपाय. सर्वात सोपा आधी करा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. यामुळे ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी एवढ्यानेच पडदा उजळतो. नाही उजळला तर सेफ मोडमध्ये जावे. विंडोज सुरू होत असताना दोन-तीन वेळा बटण दाबून धरून यंत्र बंद केले की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तेथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रिस्टार्ट असे जाऊन ४ हा आकडा दाबावा. काही यंत्रे, विशेषतः विंडोज ११ ची, येथे ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आज घरी गेल्यावर ती शोधून वहीत लिहून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नका.

सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालते. येथे चित्र स्वच्छ आले की ड्रायव्हरवरचा संशय पक्का झाला. पुढचे काही करण्याआधी मुलांचे काम आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सखाली आपले कार्ड शोधा, प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या पानावर जा आणि रोल बॅक ड्रायव्हर दाबा. जुना दुभाषा परत कामावर येतो. ते बटण फिकट दिसत असेल, म्हणजे जुना ड्रायव्हर यंत्रात उरलेला नसेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. तो सेफ मोडमध्येच चालवावा, कार्डाचा सारा जुना पसारा पुसून टाकावा आणि मग कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच आणून ठेवलेला, पूर्वी नीट चाललेला ड्रायव्हर बसवावा. हे होईपर्यंत इंटरनेट बंद ठेवा. नाहीतर विंडोज मागच्या दाराने पुन्हा तोच नवा ड्रायव्हर आणून बसवते आणि आपण दोन तास कपाळावर हात मारत बसतो. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडचा घेणे अधिक इष्ट, कारण त्यात बहुधा दोन ग्राफिक्स एकमेकांशी जुळवलेली असतात.

मोठ्या कंपन्यांकडून अशी चूक होईल का, असे कुणी विचारील. झाली आहे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला. त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट चालेनात, कार्डे तापू लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमझन ड्रायव्हरने काही कार्डांचे पंखे अगदी मंद वेगावर अडकवून ठेवले. काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली. म्हणून नव्या ड्रायव्हरनंतर कार्डाचा पंखा कामाच्या भारातही फिरत नसेल तर यंत्र लगेच बंद करा. येथे मात्र दुभाष्याची चूक सौद्यावर न थांबता जिवावर बेतते. आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो मामला ग्राफिक्स कार्डाचा नव्हता, पण उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल काढा, यंत्र पुन्हा सुरू करा. विमानतळावरच्या तज्ज्ञाने जे केले तेच दहावीतली आपली मुलगी म्हसावदला बसून करू शकते.

जुन्या कार्डांविषयी थोडे सांगतो, कारण आपल्याकडे बरीच कार्डे सेकंड हँड येतात. प्रत्येक कार्डाला नवा ड्रायव्हर लागू पडतोच असे नाही. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. ४७० ही त्यांची शेवटची मालिका. त्यानंतरचा ड्रायव्हर त्यांना ओळखतच नाही. नवे ते चांगले हा नियम येथे चालत नाही.

याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा. जुन्या, कमजोर कार्डाच्या पोटातला कार्यक्रम बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय असे नाव देतात आणि स्वस्तात विकतात. विकणारा सोबत स्वतःचा ड्रायव्हर देतो व बजावतो की ‘अपडेट करू नका.’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. अस्सल ड्रायव्हर बसवताच सोंग उघडे पडते, यंत्र अडकते किंवा ड्रायव्हर बसायलाच नकार देतो, आणि गिऱ्हाईक समजते की अपडेटने कार्ड बिघडवले. जीपीयू-झी हा छोटासा मोफत कार्यक्रम २०१८ पासून अशी पुष्कळ बनावट कार्डे ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ असे लिहून दाखवतो. त्या कार्डाला जुन्या पद्धतीचे निळे व्हीजीए छिद्र असेल तरीही शंका घ्यावी. पैसे मोजण्याआधी दुकानातच हा कार्यक्रम चालवून पाहा. प्रामाणिक दुकानदाराला त्याचा राग येणार नाही.

आपल्याकडच्या विजेचा भरवसा तुम्हाला ठाऊक आहेच. ड्रायव्हर अर्धा बसला असताना वीज गेली तर अर्धवट दुभाषा तयार होतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेल्या संध्याकाळी अपडेटला हात लावू नये. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात तर मुळीच नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेट काही आठवडे थांबवून ठेवण्याची सोय आहे. आणि पालकहो, ‘गेम खेळून खेळून बिघडवलेस’ असा आरोप करण्याआधी त्या दिवशी कोणता अपडेट आला होता तेवढे विचारा. मुलगा गेम खेळत असेल तर त्याचा हिशोब वेगळा करा.

मुलींच्या संगणकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. त्यात घरचे फोटो असतात, म्हणून पुष्कळ घरे यंत्र दुकानात पाठवायला कचरतात आणि ते महिनोन् महिने कापडाखाली झाकून राहते, तिचा अभ्यास थांबतो. ही भीती अनाठायी नाही. गिऱ्हाइकाचे यंत्र ही अमानत आहे असे मानणारे कारागीर आहेत, तसे न मानणारेही आहेत. पण सांगितलेल्या कामांपैकी एकाही कामाला पेचकस लागत नाही. ती मुलीने घरी बसून करावीत. दुकानात न्यावेच लागले तर सोबत बसा, फॉरमॅटला होकार देण्याआधी सेफ मोड पाहिला का ते विचारा, आणि कार्ड गेले म्हणत असतील तर तेच कार्ड दुसऱ्या चालू यंत्रात लावून दाखवायला सांगा. तेथेही ते चालले नाही तर कार्ड खरेच गेले. मग पावती काढा, हमीची मुदत पाहा आणि बदलून मागा.

संस्थेच्या संगणक कक्षात एक यंत्र मुद्दाम बिघडलेल्या ड्रायव्हरसह ठेवले आहे. चहापानानंतर ज्या विद्यार्थ्यांना आणि विशेषतः विद्यार्थिनींना ते स्वतःच्या हाताने चालू करून पाहायचे असेल, त्यांनी वही-पेन घेऊन तेथे यावे.